कार्गो हुकचं बटण दाबलं, हुक उघडत नाही: किनाऱ्यावरच्या हेलिकॉप्टरचं पावसाळी दुखणं

हेलिकॉप्टरच्या पोटाखालच्या हुकाला सामान टांगून नेतात, आणि बटण दाबल्यावर तो हुक उघडून सामान सुटलं पाहिजे. गोव्यात जून ते सप्टेंबर हा हुक हमखास रुसतो, आणि दुरुस्त झाला असं वाटून चार दिवसांनी पुन्हा रुसतो. सोलेनॉइड (वीज मिळाली की हुक सोडवणारं विद्युतचुंबक) बदललं, रिले (विजेवर चालणारा स्विच) बदलला, तरी तेच. बहुतेक वेळा दोष कुठल्याही महागड्या भागात नसतो. हुकाजवळच्या प्लगमध्ये मीठ साचलेलं असतं, आणि ते ज्या पद्धतीनं तपासलं जातं त्या पद्धतीत ते दिसतच नाही.

पुढची तपासणी २८ व्होल्ट डीसीच्या हेलिकॉप्टरसाठी आहे. आपल्या हुकाचं आणि यंत्राचं मॅन्युअल शेवटचा शब्द. आकडे तिथले वेगळे असतील तर तिथलेच धरायचे.

लक्षणं

आधी कान द्या. पंखे बंद, आजूबाजूला शांतता, एक जण कॉकपिटमध्ये बटणावर आणि एक जण हुकाजवळ.

बटण दाबल्यावर हुकातून काहीच आवाज येत नाही: वीज पोचत नाही किंवा सोलेनॉइडची गुंडाळी तुटली आहे.

‘टक्’ असा आवाज येतो, पण लोड बीम (भार ज्यावर टांगतात तो हुकाचा दांडा) खाली पडत नाही: वीज पोचते पण अपुरी, किंवा बीमला अडवून धरणारी आतली कळ जड झाली आहे.

रिकामा हुक उघडतो, वजन लावल्यावर अडतो. किंवा तिसऱ्या दाबाला उघडतो. हे सगळ्यात फसवं लक्षण, कारण हँगरमधली तपासणी रिकाम्या हुकावर होते आणि कागदावर ‘ठीक’ लिहिलं जातं.

सकाळी चालत नाही, ऊन वर आल्यावर चालतो. हे दिसलं की ओलसर मिठावर निम्मा संशय पक्का.

हुकाला लोड सेल (वजन मोजणारा भाग) असेल तर वजनाचा आकडा रिकाम्या हुकावरही नाचतो. लोड सेलचे संकेत मिलिव्होल्टमध्ये असतात, त्यामुळे पिनांमधल्या ओलाव्यातून होणारी गळती तिथे आधी दिसते. रिलीज बिघडण्याच्या कितीतरी आधी हा आकडा बोलायला लागतो, आणि कोणी ऐकत नाही.

सर्किट ब्रेकर बाहेर येतो: वायर कुठे तरी घासून बॉडीला लागली आहे किंवा गुंडाळी जळली आहे.

आणि एक लक्षण या यादीत बसत नाही: बटण न दाबता हुक उघडणं. असं एकदाही झालं तर पुढचं काही वाचू नका. हुक वापरातून काढा, लॉगमध्ये नोंद करा, परवानाधारक अभियंत्याला बोलवा.

हात लावण्याआधी

पंखे थांबलेले हवेत, हुकावर वजन नको, बीमखाली बोटं नकोत. बीम स्प्रिंगनं परत वर येतो आणि बोट मध्ये असेल तर विचारत नाही. प्लग उघडण्याआधी बॅटरी आणि ग्राउंड पॉवर (जमिनीवरून जोडलेली वीज) दोन्ही बंद.

यंत्राला रेस्क्यू होइस्ट (माणसांना दोरीनं वर ओढणारं यंत्र) बसवलेलं असेल तर आणखी एक. होइस्टची दोरी आणीबाणीत कापायला त्यात स्फोटक काडतूस असतं. त्याची वायर आणि हुकाची वायर काही यंत्रांत शेजारी धावते. त्या वायरवर साधा ओहममीटर लावायचा नाही. मीटर स्वतःच्या बॅटरीतून थोडा करंट सोडतो, आणि तेवढा करंट काडतुसाला पुरू शकतो. वायरवरचा खुणेचा नंबर वाचून खात्री होत नसेल तर मीटर पेटीत ठेवा. नौदलाच्या हेलिकॉप्टरला बाहेर बसवलेल्या क्षेपणास्त्र लाँचरलाही गंज, प्लग आणि अर्थिंग हीच तीन दुखणी असतात, पण तिथला क्रम वेगळा: आधी शस्त्र उतरवायचं, मग भटका व्होल्टेज नाही याची खात्री करायची, आणि त्यानंतरच बाकीचं. ते काम प्रशिक्षित शस्त्र कर्मचाऱ्यांचंच. इथून पुढे फक्त हुक.

मीठ का जात नाही

पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, का ते सगळ्यांना माहीत आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते साधारण ३३ टक्क्यांवरच पाणी ओढतं. म्हणजे जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा दाबोळीच्या पठारावर उभ्या यंत्राच्या प्लगमधलं मीठ पूर्ण कोरडं होत नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

म्हणून प्लगमध्ये हेअर ड्रायर मारून सुकवणं हा उपाय नव्हे. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं, संध्याकाळी परत ओलं होतं. मीठ काढायचा एकच मार्ग: ते पाण्यात विरघळवून धुऊन टाकणं, आणि मग सुकवणं. क्रम चुकला की चार दिवसांनी तीच तक्रार परत येते.

तपासणी: फुकटातली आधी

१. रिंग आणि बीम. हुकात अडकवलेली रिंग मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची आहे का ते बघा. फार जाड किंवा फार लहान रिंग बीमवर आडवी अडकते. बीम सुटतो, रिंग सुटत नाही, आणि दोष विजेवर जातो. एका हुकात दोन-तीन रिंगा किंवा थेट शॅकल (बोल्टनं बंद होणारी कडी) अडकवणं हाही त्याच जातीचा प्रकार. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि अर्ध्या वायरिंगची उखाडपछाड वाचवते.

त्याच वेळी बीमच्या सांध्यात आणि कीपरच्या (रिंग निसटू न देणारी पट्टी) खाचेत बघा. लाल काहीतरी दिसेल. ते गंज आहे की चिऱ्याची धूळ हे डोळ्यांनी कळत नाही. आपल्याकडच्या हेलिपॅडवर उतरताना उडालेली जांभ्याची लाल धूळ ओल्या हुकावर बसली की हुबेहूब गंजासारखी दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती फडकं फिरवा. फडकं लाल झालं आणि खाली धातू गुळगुळीत निघाला तर धूळ. खाली नखाला जाणवणारे खड्डे निघाले तर गंज, आणि लोड बीमवरचा खड्डा हा भार उचलणाऱ्या भागावरचा दोष आहे. पॉलिश पेपर घेऊन तो घासून काढायचा नाही. किती खोल चालतो हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि तो निर्णय अभियंत्याचा.

२. स्विच आणि ब्रेकर. हुकाचा आर्मिंग स्विच (रिलीजच्या बटणाला वीज देणारा) चालू आहे का? सायक्लिकवर (वैमानिकाच्या हातातला दांडा) पोटाखालच्या हुकाचं आणि लाँग लाइनच्या (खाली सोडलेली लांब दोरी) टोकाच्या हुकाचं अशी दोन वेगळी बटणं असतील तर दाबलं ते बरोबर आहे का? हसू नका, हेही होतं. ब्रेकर बाहेर आलेला असेल तर एकदाच आत दाबायचा. परत आला तर थांबायचं. पुन्हा पुन्हा दाबून ब्रेकर बसवणं म्हणजे घासलेल्या वायरला आग लावण्याची संधी देणं.

व्होल्टेजही इथंच बघा. नुसत्या बॅटरीवर यंत्र असेल तर साधारण २४ व्होल्टच मिळतात. बॅटरीवर अडणारा हुक ग्राउंड पॉवरच्या २८ व्होल्टवर उघडत असेल तर तो बरा झाला असं समजू नका. बहुधा वाटेत कुठे तरी विरोध आहे, आणि २८ व्होल्ट तो कसाबसा ओलांडतायत.

बटण धरून ठेवायचं नाही. ही सोलेनॉइडं क्षणभराच्या कामासाठी असतात. काही उत्पादकांच्या पुस्तिकेत २० सेकंदांची मर्यादा दिली आहे, त्यापलीकडे गुंडाळी तापून कायमची जाऊ शकते. दोष शोधताना ‘धर, धर, सोडू नकोस’ असं ओरडत चांगलं सोलेनॉइड जाळलेलं परवडत नाही.

३. हातानं सोडण्याची केबल. विजेचं रिलीज आणि हाताचं रिलीज या दोन वेगळ्या वाटा आहेत, पण दोन्ही शेवटी हुकातल्या त्याच कळीपाशी जातात. याचा फायदा घ्या. लिव्हर ओढल्यावर हुक हलकेच उघडला तर आतली यंत्रणा बहुधा ठीक आहे, दोष विजेकडे. लिव्हरही जड लागत असेल तर हुकाच्या आतलं ग्रीस घट्ट झालंय, मीठ शिरलंय किंवा केबलच्या नळीत गंज आलाय. हुक उघडून आतलं बघणं हे यंत्र उभं असतं त्या जागेवरचं काम नाही. जड लिव्हर दिसली की थांबा.

केबलची सूट बघा. लिव्हर थोडी हलते आणि मग केबल ताणली जाते, ही मधली मोकळी हालचाल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत हवी. सूट शून्य असेल तर हुक झुलताना केबल ओढली जाऊन भार हवेत सुटू शकतो. सूट जास्त असेल तर लिव्हर शेवटपर्यंत ओढूनही कळ सुटत नाही. हुक चारही बाजूंना हातानं पूर्ण झुलवून प्रत्येक टोकाला सूट शिल्लक आहे ना ते बघायचं. मध्यात धरून बघितलेली सूट काहीच सांगत नाही.

४. प्लग. इथं वेळ द्या, कारण दोष बहुतेक इथेच सापडतो.

आधी बाहेरून बघा. वायरची जुडी प्लगकडे वरून येते की खालून? वरून सरळ येत असेल तर पावसाचं पाणी वायरीवरून घरंगळत थेट प्लगच्या मागच्या तोंडात जातं. वायर प्लगच्या खाली एक झोल घेऊन मग वर चढली पाहिजे, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं. घराच्या भिंतीतून आत येणाऱ्या विजेच्या वायरीला वायरमन असाच झोल देतो. क्लॅम्प बदलताना हा झोल नकळत ओढून सरळ केला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तक्रार सुरू होते. झोल देताना हुक पूर्ण झुलल्यावर वायर ताणली जात नाही आणि कशाला घासत नाही हे बघायचं.

पॉवर बंद करून प्लग उघडा. टॉर्च तिरका धरा, सरळ धरला तर पिनांची चमकच दिसते. पांढरी, पिठासारखी पूड दिसली तर ती ॲल्युमिनियमच्या कवचाचा गंज. हिरवट-निळसर थर दिसला तर तो तांब्याचा, म्हणजे पिनेवरचा सोन्याचा मुलामा कुठे तरी फाटून खालचा धातू उघडा पडला आहे. एखादी पिन बाकीच्यांपेक्षा काळपट असेल तर ती तापत होती. पिनांच्या मधल्या रबरावर पाण्याचा वाळलेला कडा दिसतो का तेही बघा, चहाच्या कपाखाली बशीत राहतो तसा. तो कडा म्हणजे पाणी आत येऊन बसलं होतं याची पावती.

सफाईची रीत: हाताच्या बोटांनी प्लगच्या आत स्पर्श नको, घामातही मीठच असतं. मीठ दिसत असेल तर आधी डिमिनरलाइज्ड पाणी, अगदी थोडं, मऊ नायलॉन ब्रशनं. नळाचं पाणी प्लगच्या आत नको, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी तर कुठेच नको. मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे ९९ टक्क्यांचं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणीच असतं. ब्रश पिनेच्या लांबीच्या दिशेनं, आडवा नाही. प्लगचं तोंड खाली करून निथळू द्या. कोरडी हवा मारायची असेल तर कमी दाबानं. जास्त दाबाची हवा पाणी मागच्या सीलमधून आत ढकलते.

पॉलिश पेपर, खोडरबर, चाकूचं टोक यातलं काही पिनेला लावायचं नाही. सोन्याचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजला जातो. घासल्यावर पिन चमकते खरी, पण ती आतल्या धातूची चमक असते आणि पुढचा हिरवा थर दुप्पट वेगानं येतो. ही एक चूक थांबली तरी या दुखण्याच्या पुनरावृत्ती पुष्कळ कमी होतील.

रबरी सील चपटी किंवा चिरलेली असेल तर बदला. हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. प्रत्येक सॉकेट पिनेला नीट धरतंय ना हे त्यासाठीच्या तपासणी पिनेनंच बघायचं. मल्टिमीटरचं जाड टोक सॉकेटमध्ये घुसवलं की सॉकेट कायमचं ढिलं होतं, आणि तुम्ही दोष शोधता शोधता नवा दोष बसवता. शेवटी मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, विद्युत जोडांसाठीचं गंजरोधक, पातळ थरात. गॅरेजमधला फवारा चालत नाही. तो सुरुवातीला पाणी हटवतो, मग उडून जातो आणि मागे धूळ धरणारा चिकट थर ठेवतो.

५. भाराखाली व्होल्टेज. प्लग साफ करूनही दोष राहिला तर हे. नुसता मल्टिमीटर प्लगला लावून ‘२८ आले’ म्हणणं हीच ती फसगत.

डिजिटल मीटरचा स्वतःचा अंतर्गत विरोध साधारण १० मेगाओहम. वाटेत १,००० ओहमचा गंज बसलेला असला तरी मीटरमधून इतका कमी करंट जातो की तो २८च दाखवतो. आता खरा भार लावू. समजा गुंडाळीचा विरोध ३ ओहम आहे. वाट स्वच्छ असेल तर २८ भागिले ३, म्हणजे ९ अँपिअरच्या थोडा वर करंट. वाटेत फक्त १ ओहमचा गंज आला की करंट ७ अँपिअर आणि गुंडाळीवर २१ व्होल्ट. सोलेनॉइडची ओढ ढोबळ मानानं करंटच्या वर्गाबरोबर बदलते, म्हणजे ती जवळपास निम्म्यावर येते. निम्म्या ओढीला रिकामा हुक उघडतो. भार लावलेल्या हुकात कळीवरचं घर्षण वाढतं, आणि तो अडतो. लक्षणांतलं ते फसवं लक्षण हेच.

म्हणून भार लावून मोजा. हुकाच्या सोलेनॉइडच्या जागी २८ व्होल्ट, २५० वॅटचा लँडिंग लाइटचा दिवा तपासणी वायरीनं जोडा. तो जवळपास ९ अँपिअर ओढतो, म्हणजे या हिशेबातल्या सोलेनॉइडइतकाच. आपल्या हुकाचा करंट वेगळा असेल तर त्या बेताचा दिवा घ्या. बटण दाबून दिव्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज वाचा, एक-दोन सेकंदच. मग बसबारवरचं (जिथून यंत्रभर वीज वाटली जाते ती पट्टी) व्होल्टेज वाचा. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत पडलेलं व्होल्टेज. फरक मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मीटरचं एक टोक बॉडीवर ठेवून दुसरं वाटेतल्या एकेका जोडावर नेत जा. जिथं आकडा एकदम पडतो तिथं दोष. दिवा तापतो, तो फडक्यावर ठेवू नका.

६. अर्थिंग. भाराखाली पडलेलं व्होल्टेज परतीच्या वाटेतही अडलेलं असू शकतं, आणि ही वाट बघायला लोक विसरतात. हुकाचा अर्थ बॉडीला ज्या बोल्टवर जातो तो सोडा. लगखाली (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) रंग आहे का? पांढरी पूड? रंगकाम झाल्यानंतर पहिल्यांदाच दोष आला असेल तर इथेच बघा. जागा मॅन्युअलच्या रीतीनं उघडी करून, जोडून, बाहेरून सील करायची. उघडा ठेवलेला ॲल्युमिनियमचा जोड किनाऱ्यावर एक पावसाळा काढत नाही.

इथं थांबा

पुढचं काम परवानाधारक अभियंत्याचं: रिले, सायक्लिकमधला स्विच, वायर बदलणं, हुक उघडणं, केबल समायोजन. भारतात सीएआर-६६ (विमान दुरुस्ती परवान्याचा नियम) खालचा परवाना लागतो. टर्बाइन हेलिकॉप्टरच्या यंत्रणेला बी१.३, वायरिंगचा मोठा शोध असेल तर बी२. वर सांगितलेल्या तपासणीतही प्लग उघडला असेल तर त्याची नोंद आणि कामानंतरची सही त्यांचीच. ‘फक्त साफ केलं’ हे कारण चालत नाही. प्लग सुटणं म्हणजे रिलीजची वाट तुटणं, आणि ती परत जुळल्याची चाचणी कागदावर लागते.

थांबायचे स्पष्ट प्रसंग: हुक आपोआप उघडला. ब्रेकर दुसऱ्यांदा आला. बीम, कीपर किंवा बसवण्याच्या बोल्टवर खड्डा वा चीर दिसली. विजेचं आणि हाताचं, दोन्ही रिलीज अडले. वायरचं आवरण कापलेलं दिसलं. तसंच सगळं तपासून दोष ‘सापडला नाही, पण आता चालतंय’ असं झालं तरी. हे शेवटचं मान्य करणं सगळ्यात कठीण जातं, कारण ग्राहकाचा सामान पोचवायचा दिवस ठरलेला असतो. वैमानिकाला भार तातडीनं सोडायची गरज इंजिन गेलेलं असतानाही पडू शकते.

दोष परत येऊ नये म्हणून

समुद्रावरून उड्डाण झालं की त्याच दिवशी हुक बाहेरून नळाच्या पाण्यानं, बादली आणि मऊ ब्रशनं धुवा. प्रेशर वॉशर नाही. त्याचं पाणी सीलच्या आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. धुतल्यावर दोन्ही रिलीज एकेकदा चालवून बघा, म्हणजे सांध्यात अडकलेलं पाणीही हलतं.

पावसाळ्यात दर आठवड्याला प्लग बाहेरून आणि झोल बघायचा. प्लग उघडून बघणं मे अखेरीस एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा, दोन्ही वेळा अभियंत्यासोबत. उगाच दर आठवड्याला उघडायचा नाही. प्रत्येक उघडझापीत सील आणि सॉकेट थोडं थोडं झिजतं. उत्पादकाची तपासणी वेगळी: कित्येक हुकांना ती वर्षाला किंवा भार वाहतुकीच्या १०० तासांनी, आणि ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) १,००० तासांनी किंवा ५ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा. तास कमी म्हणून पाच वर्षं ओलांडणारे हुक किनाऱ्यावर जास्त आजारी असतात. वापर नसला तरी खारं वारं सुट्टीवर जात नाही.

हुक उतरवून ठेवायचा असेल तर प्लगच्या दोन्ही अर्ध्यांना टोपण लावा, आणि टोपणाच्या आतली बाजूही आधी पुसा. चतुर्थीला माणसं गावी जातात, यंत्र आठवडाभर उभं राहतं, आणि जाताना कोणीतरी काळजीनं प्लगवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून जातं. रात्री हवा थंड झाली की पिशवीच्या आत दव सुटतं आणि बाहेर पडायला वाट नसते. परत आल्यावर पिशवी सोडली की आतून पाण्याचे थेंब निघतात, आणि पहिल्याच उड्डाणाआधी हुक अडतो. टोपण नसेल तर स्वच्छ सुती कापड बांधा, तोंड खाली करून.